भरीत आधी, चेसिस नंतर

पेन्सिल घासली तसा कागदावर एकेक आकडा उमटत गेला. शेवटचा आकडा उमटल्यावर मी जीपखालून हात बाहेर काढला, कागद उजेडात धरला आणि आरसी बुकाशी ताडून पाहिला.

मग पुन्हा खाली शिरलो आणि दुसऱ्या कागदावर पेन्सिल घासली. जुन्या गाडीत गंज असतो, रंगाचे थर असतात, एखादा आकडा दगा देतो. पण दुसऱ्या कागदावरही तोच नंबर आला. तो माझ्या गाडीचा नव्हता.

"झालं का?" वरून बायकोचा आवाज आला. मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या. "शेजारचे विचारताहेत, सर गाडीखाली झोपलेत का म्हणून."

"होतंय," मी म्हणालो आणि तसाच पडून राहिलो.

मी मोटार सर्व्हेअर आहे. गाडीला अपघात झाला आणि विम्याचा दावा आला की कंपनी ज्याला गाडी पाहायला पाठवते, तो माणूस. नुकसान किती, खरं किती, आधीचं किती, हे ठरवून रिपोर्ट द्यायचा. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मी अठरा वर्षं हे काम करतो. अपघात कसा झाला हे आम्ही नंतर पाहतो. सगळ्यात आधी पाहतो ती गाडी तीच आहे का. प्रत्येक गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर एक नंबर ठोकलेला असतो. सांगाडा म्हणजे चेसिस, आणि तो चेसिस नंबर. इंजिनावर वेगळा नंबर असतो. नंबर प्लेट दोन स्क्रूंची वस्तू आहे, कुणीही बदलू शकतो. चेसिस नंबर असा सहज बदलता येत नाही. म्हणून त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ठसा घ्यायचा. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून करायचो तसंच. आमच्या धंद्यातली ही पहिली इयत्ता.

आणि मी ती नापास झालो होतो. गाडी विकत घेऊन, पैसे देऊन, ट्रकवर चढवून जळगावात मेहरूणला माझ्या पोर्चमध्ये आणून, पेढे वाटून झाल्यावर मी ठसा घेत होतो. तोसुद्धा का, तर नाव ट्रान्सफर करायच्या फॉर्मवर तो लावावा लागतो म्हणून.

इंजिनाचा नंबर पाहिला. तोही वेगळा. म्हणजे एखादा आकडा चुकलेला नव्हता. अख्खी गाडीच दुसरी होती.

ही जीप मी का घेतली, ते सांगायला हवं. आमचं गाव फैजपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. गावाआधी एक नाला आहे. पावसाळ्यात त्याला पाणी आलं की एसटी अलीकडेच वळायची. पॉलिटेक्निकच्या ॲडमिशनचा माझा दिवस नेमका तसा उजाडला. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वडील केळी कापायला आणि ट्रकमध्ये भरायला जायचे. त्यांनी केळीच्या व्यापाऱ्याच्या ड्रायव्हरला हात जोडले. त्या ड्रायव्हरने मला जुन्या हिरव्या जीपच्या मागच्या फळीवर बसवलं, पायाजवळचा एक छोटा दांडा ओढला आणि जीप पाण्यात घातली. पाणी माझ्या चपलांना लागलं. जीप पलीकडे चढली. मी जळगावला वेळेवर पोचलो, पुढे डिग्रीही झाली. त्या ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत. "साहेब झाला की अशीच जीप घे," एवढंच म्हणाला.

त्याने ते सहज म्हटलं असणार. मी मनावर घेतलं. मनावर घेतल्यापासून प्रत्यक्षात येईपर्यंत सव्वीस वर्षं गेली.

भडगावजवळच्या आबांची माहिती मला एका क्लेमच्या निमित्ताने लागली. आबा सत्तरी ओलांडलेले, बागायतदार. त्यांच्या खळ्यात एक हिरवी फोर-व्हील जीप उभी होती, वयाने माझ्यापेक्षा मोठी. त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोन चाकांना मिळते. हिच्यात छोटा दांडा ओढला की चारही चाकांना मिळते, म्हणून ती वाळू, चिखल, चढ यांना जुमानत नाही. मी क्लेमची पाहणी विसरून तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"विकायची आहे का?" मी विचारलं. किती वेळ थांबून विचारायचं असतं, ते मी लोकांना शिकवतो.

"विकू ना," आबा म्हणाले. "पण भाऊ, आधीच सांगस. हाई दुय्यम शे. चांगली जीप मना धाकला भाऊ लई गया."

माल दुय्यम आहे असं स्वतःहून सांगणारा विक्रेता मला अठरा वर्षांत भेटला नव्हता. त्याच क्षणी मी आबांवर विश्वास ठेवला. पुढच्या रविवारी या, म्हणाले.

आता माझे गुरू चौधरी सर मधे आणावे लागतील. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. ते आता रिटायर आहेत, पण रोज संध्याकाळी मेहरूण तलावावर फिरायला येतात आणि माझ्या चुका ऐकतात. त्यांचा एकच दंडक होता. गाडी पाहून होईपर्यंत कुणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. "चहा पोटात गेला की डोळे मऊ होतात," असं ते म्हणत. मी अठरा वर्षं हे पाळलं. लोक मला माणूसघाणा म्हणतात ते याचमुळे.

रविवारी पोचलो तर खळ्यात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काटक्यांचा, जाळ पेटला होता आणि त्यावर हिरवी वांगी भाजत होती. थंडीचे दिवस. आबांच्या पत्नीने, अक्कांनी, वांगी सोलून लाकडी भांड्यात ठेचायला घेतली होती. लसूण, मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे. शेजारी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी. माझ्यासाठी सतरंजी आणि आबांचे चार शेजारी.

"आधी गाडी पाहतो," मी म्हणालो.

"गाडी काय पळी चालनी का?" आबा म्हणाले. "भरीत गार व्हई जाई."

ज्यांनी खानदेशात शेतातलं भरीत खाल्लं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. गार झालेलं भरीत हा बनवणारीचा अपमान असतो. मी बसलो.

"आखो एक भाकर ल्या ना भाऊ," अक्का म्हणाल्या. मी आणखी एक घेतली. मग आणखी एक. त्यानंतर ज्या माणसाच्या घरचं जेवून हात धुतले, त्याच्या गाडीखाली बॅटरी घेऊन उताणं शिरणं मला जमेना. अक्का भांडी आवरत होत्या. मी खाली शिरलो असतो तर जणू भरितात केस शोधल्यासारखं दिसलं असतं. पोटही तसं आडवं होण्याच्या अवस्थेत नव्हतं, हे खरं कारणही नोंदवून ठेवतो.

मग आबांनी जीप सुरू केली आणि आम्ही गिरणा नदीच्या वाळूत गेलो. मी चालवली. मागची चाकं वाळूत रुतली. छोटा दांडा ओढला. खट् करून बसला. जीप एकदा थरथरली आणि वर आली. मी मोठ्याने हसलो. चाळिशी ओलांडलेला, चष्मा लावलेला, लायसन्सधारी सर्व्हेअर, एकटाच हसत होतो.

"दुय्यम म्हणता हिला?" मी विचारलं.

"तुम्ही चांगलीवाली दखी नही," आबा म्हणाले.

म्हाताऱ्याला स्वतःच्या मालाची किंमत कळत नाही आणि मला कळते, असा एक हलकट आनंद मला झाला. 'दुय्यम' या शब्दावरच भाव पाडून घेतला आणि व्यवहार तिथेच ठरला.

आणि आता मी पोर्चमध्ये उताणा पडलो होतो.

बाहेर येऊन बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. तिने दोन्ही कागद पाहिले.

"तुम्ही नंबर न बघता गाडी घेतली?"

"हो."

"तुम्ही?"

मी कागद तिच्या हातातून घेतले आणि त्यांची घडी घातली.

तिला मग मी खरी भीती सांगितली. कागद एका गाडीचे आणि लोखंड दुसऱ्या गाडीचं असेल तर पहिला संशय चोरीचा येतो. चोरीची गाडी पोर्चमध्ये ठेवणारा सर्व्हेअर. माझं लायसन्स जाऊ शकतं. लायसन्सही एक वेळ सोडा. गेल्याच वर्षी एका गरीब टेम्पोवाल्याचा दावा मी नंबर जुळत नाही म्हणून फेटाळायला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, साहेब, मला कुठं कळतं, विश्वासाने घेतली. मी त्याला म्हणालो होतो, "पाहून घ्यायला हवं होतं." हे वाक्य त्या संध्याकाळी माझ्या कानात बराच वेळ होतं.

दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्या भंगार व्यापाऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, असा प्रॉब्लेम कुणाचा असला तर काय करतात?

"तुमचा आहे का सर?"

"नाही, एका मित्राचा."

"मित्राला सांगा, दहा मिनिटांचं काम. जुना नंबर घासायचा, कागदावरचा नवा ठोकायचा. वरून रंग. तुमच्याशिवाय कुणाला कळणार नाही."

मी 'नको' म्हटलं. पण म्हणायला जितका वेळ लागायला हवा होता त्यापेक्षा थोडा जास्त लागला. असे ठोकलेले नंबर मी स्वतः सात-आठ वेळा पकडले आहेत. तरीही माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की, मला कुठे चुका होतात ते माहीत आहे, मी नीट करून घेईन.

संध्याकाळी तलावावर चौधरी सरांना सगळं सांगितलं. भरितापासून. ते चालता चालता थांबले.

"भाकरी किती खाल्ल्या?"

"तीन."

"कळण्याच्या?"

"हो सर."

"मग तुझा दोष नाही," ते म्हणाले आणि पुन्हा चालू लागले. थोडं पुढे जाऊन म्हणाले, "हे बघ. चोराने विकली असती तर त्याने माल दुय्यम म्हटलं नसतं. इंजिन आणि चेसिस दोन्ही एका गाडीचे दिसतात. म्हणजे गाडी अख्खी आहे, फक्त तिची प्लेट दुसरीची आहे. त्या दुसरीला शोध. म्हातारा काय म्हणाला होता? चांगली जीप भावाने नेली. म्हणजे जीपा दोन होत्या."

मी इतके दिवस ते वाक्य फक्त भाव पाडण्यासाठी वापरलं होतं.

भडगावला गेलो. या वेळी पाणीही घेतलं नाही. आबांपुढे दोन्ही कागद ठेवले.

"नंबर जुळत नाही आबा."

त्यांचा चेहरा बदलला. "मंग मी काय चोर शे का?"

"तसं नाही म्हणत."

"जेवताना नही दिसनं तुमले?"

हे लागलं. लागायलाच हवं होतं. मी म्हणालो, "चूक माझी आहे आबा. मी खाली पाहायला हवं होतं. आता मला फक्त सांगा, जीपा दोन होत्या ना?"

आबांनी दोन्ही कागद माझ्याकडे परत सरकवले. मग अक्काच आतून म्हणाल्या, "सांगा ना. बठ्ठं सांगी टाका."

गोष्ट अशी होती. वडिलांनी लिलावात एकदम दोन जीपा घेतल्या. प्लेटवरचे नंबर लागोपाठचे. एक चौदाने संपणारा, दुसरा पंधराने. घरात त्यांना चौदा नंबर आणि पंधरा नंबर म्हणत. चौदा नंबर राणी होती. पंधरा नंबरचा फोर-व्हीलचा दांडा बसायचाच नाही, ताण आला की सटकन सुटायचा. वडील गेल्यावर वाटणीची बोलणी निघाली. त्याच महिन्यात दोन्ही जीपा एकाच रंगाऱ्याकडे रंगायला गेल्या होत्या. परत आल्यावर चिठ्ठ्या टाकल्या. धाकट्या भावाला, नानाला, चौदा निघाली. आबांना पंधरा. चिठ्ठ्यांत काहीतरी लबाडी झाली असं आबांना वाटलं. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. नाना धुळ्याकडे सासुरवाडीच्या गावी शेती करायला गेला. तीस वर्षं झाली. जीपा दोघांनी शेतातच वापरल्या, रोडवर काढल्याच नाहीत, म्हणून कागद कुणी पुन्हा तपासलेच नाहीत.

"रंगवताना नंबर प्लेटा काढल्या असतील," मी म्हणालो.

"काढाच लागतीन ना."

माझी खात्री होत आली होती आणि ती मला मुळीच आवडत नव्हती. माझ्या पोर्चमध्ये जिचा दांडा खट् करून बसतो, ती गाडी पंधरा नंबर असूच शकत नव्हती.

"आबांच्या पंधरा नंबरचा दांडा कधी सुटला का हो, रंगानंतर?" मी अक्कांना विचारलं.

"नही," त्या आबांकडे पाहत म्हणाल्या. "ह्या म्हणेत, रंगारानी दुरुस्त करा व्हई."

नानांचं गाव पांझरेच्या काठी. मी एकटा गेलो. नाना पासष्टीचे, हसरे. मी ओळख सांगितली. ते म्हणाले, "या सर, आधी चहा."

"आधी गाडी," मी म्हणालो आणि बॅगेतली चादर अंगणात अंथरली. घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. चहा नाकारून कुणाच्या अंगणात आडवा होणारा पाहुणा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

ठसा घेतला. माझ्या आरसी बुकाशी ताडला. एकेक आकडा जुळला.

माझ्या कागदावरची गाडी, मी कायद्याने विकत घेतलेली पंधरा नंबर, नानांच्या अंगणात चौदाची प्लेट लावून उभी होती. माझ्या पोर्चमध्ये उभी होती ती नानांची.

"नाना, हिचा फोर-व्हीलचा दांडा कसा आहे?"

नानांचं हसू थोडं कमी झालं. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सुटतो. तीस वर्षं सुटतोय. रंगाऱ्याने बिघडवला. कुणाला बोललो नाही. भावाला कळलं असतं तर हसला असता."

म्हणजे आबा तीस वर्षं उत्तम गाडीला दुय्यम म्हणत होते, आणि नाना तीस वर्षं दुय्यम गाडीला उत्तम म्हणत होते. दोघांपैकी एकाने जरी दुसऱ्याच्या अंगणात जाऊन दांडा ओढून पाहिला असता तर हे पहिल्या महिन्यात मिटलं असतं.

आता माझी परीक्षा होती. मी जर काही सांगितलं नाही, तर राणी माझ्याकडे राहते. रजिस्ट्रेशन होणार नाही, पण शेतात चालवता येईल, जशी त्या दोघांनी चालवली. मी नानांच्या ओट्यावर बसलो. चहा आला. तो पिऊन होईपर्यंत मी हा विचार केला. चौधरी सर म्हणतात ते खरं आहे, चहाने डोळे मऊ होतात. पण त्या दिवशी चहा पिताना मला त्या टेम्पोवाल्याचा चेहरा दिसत राहिला. त्याला मी जो नियम लावला तो मला नाही लावला, तर त्याचा दावा मी फेटाळला नव्हता, लुटला होता.

"नाना," मी म्हणालो, "तुमची खरी जीप माझ्याकडे आहे."

समजवायला अर्धा तास गेला. समजल्यावर नानांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे चिठ्ठी खरीच होती!"

"खरीच होती."

"आणि भाऊ..." ते थांबले. "त्याला सांगितलं?"

"नाही. त्यांना आणावं लागेल. प्लेटा चुकून बदलल्या हे दोघांना लिहून द्यावं लागेल, दोघांच्या सह्या."

"तो येत नाही," नाना म्हणाले.

आबांना सह्यांचं सांगितलं, बाकीचं नाही. तेवढा धीर माझ्यात नव्हता. ते म्हणाले, "त्याना दारमा मी पाय ठेवणार नही."

"नका ठेवू. ट्रकमधून खाली उतरू नका. सही खिडकीतून करा."

या अटीवर ते आले. मेहरूणहून राणी ट्रकवर चढवली. निघताना बायको बाहेर आली. तिने बॉनेटवर हात ठेवला. "चांगली होती," म्हणाली. जणू पाहुणी चालली होती. भडगावला आबा केबिनमध्ये बसले.

नानांच्या गावी फळ्या लावून जीप उतरवली. मी स्क्रूड्रायव्हर काढला आणि दोन्ही गाड्यांच्या प्लेटा काढून जिची तिला लावल्या. आठ स्क्रू. तीस वर्षांचं भांडण आठ स्क्रूंवर अडकलं होतं आणि त्यातला एक गंजून तुटला.

आबांनी खिडकीतून सही केली. कागद नानांच्या हातात होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. नाना सही करून सरळ जीपमध्ये बसले आणि नदीत उतरले. पांझरेत पाणी नव्हतं, वाळूच होती. ट्रक काठावर उभा होता, त्यामुळे आबांना सगळं दिसत होतं.

चाकं रुतली. नानांनी दांडा ओढला. आम्हाला वरून आवाज आला नाही, पण जीप थरथरली आणि वाळू उडवत चढ चढून वर आली.

"सुटना नही!" नाना लहान पोरासारखे ओरडले. "दांडा सुटना नही! तीस वरीस सुटे तो!"

आबांनी खिडकीतून मान बाहेर काढली. मग माझ्याकडे वळले. मी ट्रकच्या पायरीवर उभा होतो.

"तीस वरीस सुटे? त्याना?"

"हो आबा."

"आणि मना?"

"तुमचा कधी सुटला नाही. चांगली जीप तुमच्याकडेच होती."

आबांनी समोरच्या काचेकडे तोंड वळवलं. मी दुसरीकडे बघत होतो, कारण ही बातमी मी त्यांना चार दिवस आधी, त्यांच्या घरी, नीट बसून द्यायला हवी होती.

"मंग तीस वरीस मी काबरं भांडनू?" ते म्हणाले. मला नाही, काचेला.

नाना जीप बंद करून ट्रकजवळ आले. त्यांनी ते ऐकलं होतं. खिडकीखाली उभे राहिले. मग म्हणाले, "भाऊ, खाले उतर. भाकर खाई ले."

आबा हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"पहिले ह्या सायबले नंबर दखू दे. मंग भाकर."

मी चादर अंथरली. दोन्ही गाड्यांखाली शिरलो. दोन ठसे घेतले आणि दोन्ही आरसी बुकांशी ताडून खिडकीत आबांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा स्वतः वाचला. मग दार उघडलं आणि हळूहळू, पाठमोरे, खाली उतरले. नानांनी हात पुढे केला होता. आबांनी तो धरला नाही. खाली उतरल्यावर मात्र त्यांनी ट्रकचं दार लावायला नानांना सांगितलं. तीस वर्षांनी काम सांगितलं, तेही मोठ्या भावासारखं.

जेवायला शेवभाजी होती. मी तीन भाकरी खाल्ल्या.

कागदपत्रांना तीन महिने लागले. आरटीओत इन्स्पेक्टर ओळखीचे होते. "सर, तुमची गाडी, त्यात काय पाहायचं?" ते म्हणाले.

"पाहा," मी म्हणालो. "खाली शिरून पाहा. पेन्सिल मी आणलीय."

पंधरा नंबर आता माझ्या नावावर आहे. दांडा अजून सुटतो. आतला जो गिअर घासला आहे तो आता कुठे मिळत नाही. मी आजवर चार मिस्त्र्यांना दाखवला. चौघांनीही मला तेच विचारलं, "घेताना पाहिलं नव्हतं का?" मी त्यांना सांगत नाही की पाहिलं होतं, वाळूत चालवून पाहिलं होतं, फक्त दुसरी गाडी पाहिली होती.

गेल्या पावसाळ्यात नाल्याला पाणी असताना मी तिला गावी नेली. अलीकडे एसटी वळत होती. त्याच एसटीने फैजपूरहून आलेले वडील तिथे वाट पाहत उभे होते. ते आता थकले आहेत, पण केळीचे घड उचललेले हात अजून तसेच आहेत. मी त्यांना शेजारी बसवलं आणि दांडा दाखवला.

"हा ओढला की सुटतो. दोन्ही हातांनी धरून बसावं लागेल. पलीकडे जाईपर्यंत सोडायचा नाही."

त्यांनी धरला. मी जीप पाण्यात घातली. मधे पोचल्यावर दांडा त्यांच्या हातात थडथडायला लागला. ते दात-ओठ खात म्हणाले, "तू चालव. धरलाय मी."

आम्ही पलीकडे चढलो. त्यांचे पाय भिजले होते.

"काय म्हणतात हिला?" त्यांनी हात चोळत विचारलं. "आटोमॅटिक?"

मी नाही म्हणालो नाही.

हाताखाली शिकायला येणाऱ्या इंजिनिअरांना मी आता चौधरी सरांचा दंडक थोडा बदलून सांगतो. गाडी पाहण्याआधी चहा घेतला तरी चालेल. भरीत असेल, तर मात्र आधी पेन्सिल.